मखरातला वीतभर माणूस

संतकाका माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हात बघत. पहिल्याच भेटीत माझ्या हातातला कागद पाहून म्हणाले, "पत्रक! तुला कुठेही ओळखता येईल." खरंच होतं. मी युनियनवाल्याच्या घरातला. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून जेवलेला.

काका बहारीनमध्ये, मनामातल्या एका बँकेत अकाउंटंट होते, पण त्यांची दरवर्षीची रजा स्पेनमधल्या खेड्यांत जायची. तिथल्या मध्ययुगीन चर्चमध्ये वेदीमागे उंच लाकडी फळ्या असतात, सोनेरी पार्श्वभूमीवर संत रंगवलेल्या. "लोकांना वाचता येत नव्हतं," काका रंगून सांगत, "म्हणून प्रत्येकाजवळ त्याची खूण. ताटलीत स्वतःचे डोळे घेतलेली ती. तलवारीने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा तो."

"आणि थंडगार बाकावर स्वेटर सांभाळत बसलेली मी," काकू जोडून द्यायच्या.

"काका, लोकांना गुडघे टेकायला लावायचं तंत्र आहे हे!" मी तावातावाने म्हणायचो.

"अरे, त्या काळची पत्रकंच ती. तुझ्यापेक्षा देखणी, एवढंच."

निवृत्त झाल्यावर काकांचा व्हिसा संपत आला. जाण्याआधी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तसंच मखर करायचं त्यांनी मनावर घेतलं. मध्ये बाप्पा, दोन बाजूंच्या फळ्यांवर आपले संत: जात्याशी जनाबाई, चिखल तुडवणारे गोरोबा. रंगकाम संपत आलं आणि हॉलचा खर्च उचलणाऱ्या केटरर शेठनी अट घातली. बाप्पाशेजारी त्यांचा मोठा फोटो हवा. नाहीतर हॉल मफी, मिळणार नाही.

कमिटी मान डोलावू लागली. मी टेबलावर मूठ आपटली.

काका म्हणाले, "तिकडेही देणगीदार चित्रात असायचा. संताच्या पायाशी, वीतभर, गुडघे टेकून."

"वीतभरही नको! पैसे दिले म्हणून कुणी देवाशेजारी बसत नाही!"

"शेजारी कुठे? पायाशी म्हणतोय मी."

शेठ पाहायला आले तेव्हा गोरोबांच्या पायाशी वीतभर शेठ गुडघ्यांवर बसले होते, हातात झारा. शेठनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काका, पोट कमी काढलंत." मग जरा थांबून म्हणाले, "झारा मात्र बरोबर. पहिल्यांदा इथे हूऱ्याच्या वस्तीत आलो तेव्हा दिवसभर भजी तळायचो. यल्ला, चला, लावा मखर."

विसर्जन झाल्यावर काकांना सोडायला विमानतळावर गेलो, तरी माझा वाद चालूच होता: तडजोड ती तडजोड! ते हसले. "जनाबाईची फळी तूच उतरव. हार जपून काढ."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ती फळी उतरवायला घेतली. खालच्या कोपऱ्यावर काकांनी झेंडूचा जाड हार बांधला होता, तो सोडला. आत, जात्याच्या बाजूला, आणखी एक वीतभर माणूस निघाला. तोंड उघडं, उंचावलेल्या हातात पत्रक.

शेठ गुडघ्यांवर होते. मला काकांनी उभं काढलं होतं.