रिव्हर्सची धून आणि माझी चूक

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. भुताच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायची. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. ह्या सदरातले अनुभव मी वाचायचे ते सुद्धा दुपारी जरा करमणूक म्हणून. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे... हसा खुशाल.

आम्ही देवळीला राहतो, गावाच्या अगदी कडेला. घरापुढे फरशीचं अंगण, अंगणाला लागून ओटा, आणि अंगणातच ह्यांची मालवाहू पिकअप उभी असते. हे म्हणजे माझे यजमान. लोकांचं सोयाबीन, कापूस आर्वीच्या बाजारात पोचवून देतात. घरात तिसरी माही, माझी नात, साडेचार वर्षांची. मुलगी-जावई नागपूरला, दोघंही नोकरीत, म्हणून पोर आमच्याकडे. मुलीने विश्वासाने सोपवलेलं लेकरू... जीव कसा टांगणीला असतो ते ज्यांनी सांभाळलं त्यांनाच माहीत.

माहीसाठी आमच्या घरात एकच कडक नियम होता. गाडीचा रिव्हर्स हॉर्न वाजला की असशील तिथून उठायचं आणि ओट्यावर चढायचं. पोरगी इतकी पक्की झाली होती की शेजारच्यांची गाडी मागे आली तरी ही ओट्यावर!

तर मागच्या पावसाळ्यात मी अंगणात घसरून पडले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. मुलीचा जुना कीबोर्ड माळ्यावर पडून होता, तिनेच फोनवर फर्मान काढलं, "आई, तू पियानो शीक." आणि तिने व्हिडिओ कॉलवर पहिली धून वाजवून दाखवली.

मी म्हटलं, "अवं माय! हे तं बाबाच्या गाडीचं रिव्हर्स होय!"

खरंच तीच. तिचं म्हणणं, ही मोठ्या विदेशी संगीतकाराने पियानोसाठी लिहिलेली जगप्रसिद्ध रचना आहे. असेल बाई. आमच्याकडे ती गाडी मागे घेताना वाजते.

एक पांढरी पट्टी, शेजारची काळी, परत पांढरी, परत काळी... मग उजवा हात खाली उतरतो आणि तिथे डाव्या हाताने तीन सूर वर चढवायचे. माझं घोडं तिथेच अडायचं. डावा हात यायचाच नाही. मी थांबायची, मग घाईने भलतीच काळी पट्टी दाबायची — ठँ! — आणि दोन सूर मागे जाऊन पुन्हा धरायची. रोज, त्याच जागी, अगदी तश्शीच चूक. माही तर त्या 'ठँ'ची वाट पाहत बसायची आणि झालं की टाळ्या पिटायची.

हे मात्र वैतागले. एक दिवस जेवताना म्हणाले, "काऊन व, दिवसभर तेच ते वाजवून राह्यली? घरात तेच, गाडीत तेच. डोकं पिकलं माह्यं."

"कानात बोळे घाला," मी म्हटलं. मी काही ऐकून घेणारी नाही.

ह्यांनी बोळे घातले नाहीत. ह्यांनी गाडीच्या रिव्हर्स हॉर्नची वायर काढून टाकली. मला म्हणाले, "एक तं बंद केलं. आता तू वाजव कितीबी." आम्ही दोघंही हसलो. माहीला सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शिकलेली माणसं आम्ही! अजून आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी... दुपारचे दीड वाजले असतील. सकाळपासून लाईन गेलेली. कीबोर्ड आतल्या खोलीत चादरीखाली झाकलेला. तो विजेवरच चालतो, सेल त्यात नाहीत. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. फोन माझ्याच जवळ, खिडकीत ठेवलेला. माही पलंगावर झोपली होती, मी स्वतः थोपटून झोपवलं होतं. बाहेर ह्यांनी गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

आणि ती धून सुरू झाली. पांढरी, काळी, पांढरी, काळी...

मनात आलं, जोडला वाटतं हॉर्न ह्यांनी. बरं झालं. मी पुढचं ताट उचललं. धून खाली उतरली... आणि थांबली.

मग — ठँ.

दोन सूर मागे. पुन्हा सुरुवात.

ताट हातातून सुटलं. हॉर्न कधी अडखळतो का हो? ती माझी चूक होती! माझ्या बोटांची! मी खोलीकडे धावले. कीबोर्ड चादरीखाली तसाच, बंद. आणि पलंग रिकामा.

मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. "थांबा! अहो थांबा!" एवढंच ओरडले. गाडीने करकचून ब्रेक मारला. मागच्या चाकाखाली माहीची भातुकली होती. छोटी चूल, कढई, कपबश्या, सगळ्याचा चुरा. ती आणि तिची बाहुली रोज जिथे बसतात, बरोबर तिथे.

आणि माही ओट्यावर. दोन्ही पाय वर घेऊन, बाहुली छातीशी धरून, खिदळत होती.

"आजी, आबाची गाडी तुह्यावानीच चुकून राह्यली!"

मी तिला उचलून कडेवर घेतलं. हे गाडीतून उतरले आणि चाकाखाली पाहिलं. "म्या आरशात पाह्यलं होतं... कोणीच नव्हतं," इतकंच म्हणत राहिले. मी विचारलं, हॉर्न कधी जोडला? त्यांनी मला गाडीमागे नेऊन वाकून दाखवलं. वायर लोंबत होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"तुम्हाले धून ऐकू नाई आली?"

"कोणती धून? काहीच नाई वाजलं."

शेजारच्या काकू तेव्हा कुंपणापाशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनाही फक्त माझं ओरडणंच ऐकू आलं. ऐकली ती मी आणि साडेचार वर्षांच्या पोरीने. भास म्हणावं तर दोघींना एकाच वेळी, एकच? आणि चुकीसकट? फोन मी तपासला, माझं वाजवणं कधी कुणी रेकॉर्ड करूनच ठेवलं नव्हतं. मी सगळं तपासलं, वही घेऊन प्रयोग लिहावा तसं. हाती काही लागलं नाही.

हॉर्न त्याच संध्याकाळी ह्यांनी जोडला. मुलीला आम्ही अजून सांगितलेलं नाही, ती इथे वाचेल तेव्हा कळेल. रागाव बाई, तुझा हक्क आहे.

पण लिहायला बसले ते ह्याच्यासाठी नाही. त्या दिवसानंतर मी कीबोर्डवर बसले, तर धून सरळ वाजली. उजवा हात उतरला, डाव्याने तीन सूर चढवले, कुठे अडलं नाही. माही 'ठँ'ची वाट पाहत बसली होती, ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी मुद्दाम चुकायचा प्रयत्न करायला लागले. त्याच जागी थांबते, त्या काळ्या पट्टीवर बोट नेते... बोट आपोआप बरोबर पट्टीवर जातं. दोन महिने झाले, रोज बसते. शेकडो वेळा वाजवली असेल. ती चूक माझ्या हातून होतच नाही. जणू कुणी मागून नेली आणि परत दिली नाही.

मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "आई, कमाल केली! आता तुला पूर्ण येते."

येते ना. तेच तर भेव वाटते मले. पुढच्या वेळी हॉर्न बंद असला, आणि पोरगी चाकामागे असली... तर त्या वाजवणाऱ्याला द्यायला आता चूक आहे कुठे माझ्याकडे?