पोचा काढलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या विलासनं वडिलांच्या जुन्या अमेरिकन गाडीवरचं कापड ओढलं आणि जमलेले आम्ही सगळे जवळ सरकलो. मागे माशासारखे दोन टोकदार पर, त्यांच्या टोकांशी ब्रेकचे लाल दिवे. रंग इतका चकचकीत की त्यात आमचे चेहरे वाकडेतिकडे दिसत होते. विलासचे वडील याच गाडीच्या अपघातात, समोरच्या घाटात गेले. नंतर कित्येक वर्षं ती शेडमध्ये पडून होती.

विलासच्या मुलीनं, रेवानं, पूजा केली. दाराशी उभी असलेली तिची आजी मग पुढे आली आणि डाव्या दारावरून तळहात फिरवू लागली.

"इथं पोचा होता ना रे?"

"काढला, आई. आता शोधूनही सापडायचा नाही."

तरी ती शोधत राहिली. तो पोचा बघून माणसानं गाडी निदान जपून तरी चालवली असती, असं मला वाटून गेलं. घरातलं किती काही आपण असंच ठोकूनठाकून गुळगुळीत करतो, आणि पुढच्यांना ते नुसतं देखणं दिसतं.

"बाबा, घाटापर्यंत जाऊन येते," रेवा म्हणाली. विलासनं हसत किल्ली दिली.

चाकाखालचं लिंबू फुटलं. गाडी निघून गेली तरी आजीचा हात हवेत तसाच होता, वाटीसारखा खोलगट. घाटाच्या पहिल्या वळणाशी लाल दिवे पेटतील म्हणून मी बघत राहिलो.

ते पेटले नाहीत.