दादाच्या म्हशीची रेघ

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. गावोगावच्या दूध संस्थांकडून आलेले आकडे आम्ही वेबसाईटवरच्या चार्टमध्ये चढवतो. प्रत्येक सभासदाची एक रेघ. आकडा विचित्र दिसला की फोन करावा लागतो, आणि फोन केला की किस्सा होतो.

गगनबावड्याकडच्या एका सभासदाची रेघ एकदा थेट चार्टच्या बाहेर गेली. आमच्या दीपकनं फोन लावला.

"पावणं, म्हशी किती तुमच्याकडं?"

"दोन."

"मग एवढं दूध?" दीपकनं आकडा वाचून दाखवला.

"अवो, ह्यो माझा मोबाईल नंबर हाय. त्याच्यावरच बोलतोय की आपण!"

*

मलकापूरच्या बाजूच्या एका संस्थेचे आकडेच येईनात. सेक्रेटरी म्हणाले, "रेंज टेकडीवर हाय, आन् माझा गुडघा खाली."

*

माझा थोरला भाऊ हातकणंगल्याजवळ गावी राहायचा. एकच म्हैस, दोन्ही वेळची धार स्वतः काढायचा. मोबाईलवर आपली रेघ बघून मला फोन करायचा.

"आमची लाईन जरा वर घे की. सासरची माणसं यायची हाईत."

"दादा, दूध वाढव, लाईन वाढेल."

"म्हशीचं मी बघतो. तू तुझं बघ."

*

दादा अचानक गेला. तेरावं करून मी कामावर आलो, तर दीपक स्क्रीनकडे बघत बसलेला.

"सर, ह्या खात्याला रोज शून्य दिसतंय. डेटा लोड होत नसावा."

त्यानं संस्थेला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आकडा बरोबर हाय," तिथले सेक्रेटरी म्हणाले. "म्हैस पान्हवंना झालीया, दुसऱ्या कुणाला धारच दीना. मालक गेला न्हवं तिचा. रेडकू पितंय तेवढंच."

दीपकनं खात्यावरचं नाव वाचलं. "चहा सांगतो," म्हणाला आणि उठला.

*

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला.

"भावजी, गिऱ्हाईक आलंय. रविवारी म्हैस न्हेतो म्हणतंय."

"तुमच्या मनात काय आहे?"

"त्यांनी रेडकापासनं वाढवलीया. इकू वाटत न्हाई. पर दूधच न्हाई तर वैरण कुठनं घालू?"

शनिवारी दीपकनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. रेघ शून्यावरून उठली होती.

"जुना डेटा परत लोड झाला असेल, सर. काढून टाकू?"

"थांब," म्हणालो आणि गावी फोन लावला.

"व्हय, दिलं तिनं दूध," वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं."

"पण कसं काय?"

मागे रेडकू ओरडत होतं.

"त्यांचा शर्ट घालून बसले धारंला. धुतलेला न्हवं, खुंटीवरचा."