बुडालेलं भांडं

कुठलीही वस्तू समोर आली की काका आधी बोट वाकवून तिच्यावर टकटक करायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "आवाज बघा." मग ती घागर असो, माझ्या ऑफिसातलं लोखंडी कपाट असो, नाहीतर कुणी घरी न्यायला घेतलेलं कलिंगड. धंद्याने कायमचं नादी लावलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

कसबा पेठेत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आणि शेजारी माझं सहली काढायचं ऑफिस. जन्मभर हातोडीने भांडी ठोकून काकांचे कान जायच्या वाटेला लागले होते. मुलीने आणून दिलेलं कानाचं यंत्र सदऱ्याच्या खिशात असायचं. "ह्यातून पितळसुद्धा पत्र्यासारखं वाजतं हो, ताई," ही त्यांची तक्रार. आळीतल्या बाकीच्या हातोड्या एकेक करून बंद पडल्या होत्या. चालू असत्या तरी काकांना त्या ऐकू आल्या नसत्या म्हणा.

एकदा ते माझ्या भिंतीवरच्या लक्षद्वीपच्या चित्रासमोर थबकले. निळंशार पाणी, खाली प्रवाळ आणि त्यात कलंडलेलं एक जुनं लोखंडी जहाज.

"जहाज बुडालंय, काका," मी ओरडून सांगितलं.

"केवढं भांडं हो! वाजवून बघितलंय कुणी?"

पुण्यात चौकशी करून लोक घरी जातात. काका दुसऱ्या दिवशी बेटावर जायच्या परवान्यासाठी फोटो घेऊन हजर. मुलगी माझ्यावरच उखडली. "बाबांना पोहता येत नाही, ऐकू येत नाही. तिथे जाऊन काय करणार ते?"

काकांना तिचं बोलणं ऐकू आलं नसेल, चेहरा मात्र कळला. शांतपणे म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, उरलंय तेही जाईल. जायच्या आत एक मोठा आवाज ऐकून घेतो." तिनेच ते फोटो माझ्यापुढे सरकवले. मीही नाव नोंदवून घेतलं.

कोचीहून सुटलेल्या बोटीवर त्यांनी कठडे वाजवले, नळ वाजवले, इतरांची जेवणाची ताटंसुद्धा वाजवली. एका खलाशाने दंड धरून बाजूला नेलं, तर त्यालाच म्हणाले, "बोट चांगली आहे हो तुमची."

बेटावर पोचलो. अंगात तरंगायचं जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. गाइडने सगळ्यांना बजावलं, प्रवाळ जिवंत असतं, खाली कशालाही हात लावायचा नाही. हे काकांना ओरडून सांगायची वेळ माझ्यावर आली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला स्वतःचाच राग आला. एवढ्या लांब आणलं त्यांना, ते काय नुसतं बघायला? त्यांनी खिशातलं यंत्र माझ्या हवाली केलं. ते पिशवीत ठेवून मी त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरले.

गाइडने त्यांना हाताला धरून जहाजापर्यंत नेलं. उथळ पाणी होतं. लोखंड असं दिसतच नव्हतं, सगळीकडे प्रवाळ चढलेलं, त्यातून माशांची ये-जा. काकांचं बोट वाकलं. हात पुढे गेला, थांबला, आणि त्यांनी तो मागे घेऊन काखेत दाबून धरला. मग ते एकदम निश्चल झाले. मी घाबरून त्यांचा खांदा हलवला.

त्यांनी तोंड वर काढलं. "शू! ताई, खाली काम चालू आहे!"

मी कान पाण्यात बुडवले. खरंच हो! बारीक टकटक, चहूबाजूंनी, न थांबणारी. त्यांना ते ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला की नळीतून घोटभर खारं पाणी प्यायले. गाइडने नंतर सांगितलं, मासे प्रवाळ कुरतडतात, कोळंबीसारखे बारके जीव नांग्या आपटतात, त्याचा तो आवाज; पाण्यात तो डोक्याच्या हाडांतूनही आत पोचतो. मी ते काकांच्या कानात ओरडले.

"म्हणजे कारागीरच की," काका म्हणाले. "आपली आळी सकाळी अशीच वाजायची."

यंत्र परत द्यायला गेले, तर "राहू द्या तुमच्याकडेच" म्हणाले.

वर्षभरात त्यांचे कान पुरते गेले. पुढे काकाही गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक विचारतं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"आवाज बघा," मी म्हणते, आणि माझं बोट वाकून चित्रातल्या त्या जहाजावर टकटक करतं.