त्रेचाळीस अंशांवरचं कार्ड

कल्पना करा, तुमच्या हातात एक कोरं ग्राफिक्स कार्ड आहे. विटेपेक्षा लांब, तिच्याएवढंच जड, पोटाला तीन पंखे. गेमला आणि व्हिडिओच्या कामाला ते कसं आहे, हे तुम्हाला तीन दिवसांत सांगायचंय. मे महिना, दुपारचे दोन, डोक्यावर पत्रे. सुरुवात कुठून कराल?

रुद्राणीनं भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. त्रेचाळीस. तिनं तो आकडा वहीत सगळ्यात वर लिहिला.

पूर्णा गावात स्टेशनजवळच्या या खोलीत ती आसपासच्या फोटोग्राफरांचे लग्नाचे व्हिडिओ जोडून देते. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली असल्यानं कॉम्प्युटरचे भाग तपासून मराठीत व्हिडिओही टाकते. आजवर लोकांनी वापरून झालेली कार्डंच तिच्या हाती लागायची. एका वितरकानं कोरं कार्ड पाठवलं ते पहिल्यांदाच. हा व्हिडिओ त्याला पटला, तर पुढचीही येणार होती.

आई चन्नबसम्मांनी खोक्यावर विभूतीची तीन बोटं ओढली.

"आई, आत नको लावू."

"म्या काय येडी हाय? मागं पंख्यात गेली तवापासून खोक्यालाच लावायले."

कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसलं. सोनपेठचा फोटोग्राफर बालाजी यानं पाठवलेला एका लग्नाचा व्हिडिओ जुन्या कार्डावर तीन तास खायचा, तो चाळीस मिनिटांत तयार झाला. रुद्राणी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. मग गेम. त्यासाठी रेल्वेत नोकरीला असलेला, गेमचा नादी धम्मपाल सुट्टी काढून आला होता. सेकंदाला एकशेवीस चित्रं पडत होती, खोक्यावर छापलं होतं तेवढीच.

"ताई, लय भारी! लोण्यावानी चालायलंय."

चाळीस मिनिटांनी चित्रांचा आकडा चौऱ्याऐंशीवर घसरला. कार्ड तापलं होतं आणि जीव वाचवायला स्वतःच हळू झालं होतं.

रुद्राणीनं देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून कॅबिनेटच्या उघड्या फटीशी धरली. धूर बाहेर जायचा सोडून वळला आणि पुन्हा कार्डाच्या पंख्यात शिरला. "बघ, गरम हवा परत आतच जायलीय." तिनं कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढला. आकडा सत्त्याण्णववर चढला आणि तिथंच अडला.

ती वहीत लिहीत होती तेवढ्यात धम्मपालनं पाण्याच्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडं वळवलं. एकशे अठरा! त्यानं टाळी वाजवली. रुद्राणीनं कूलरचं बटण बंद केलं.

"अगं ताई, चांगलं चाललं होतं की!"

"मी दाखवलं की सगळे तसंच करतील. कूलरच्या ओलीनं गंजलेले तीन बोर्ड कपाटात हायत. दाखवू?"

धम्मपालनं कूलरचं तोंड पुन्हा दुसरीकडं फिरवलं.

संध्याकाळी तिनं वितरकाच्या पुण्यातल्या माणसाला फोन करून आकडे सांगितले.

"मॅडम, दोष कार्डाचा नाही, तुमच्या खोलीचा आहे. एसीत तपासा."

"इथं एसी फक्त एटीएममधी हाय, तिथं लाव म्हणावं," धम्मपाल मागून पुटपुटला.

"एसीतही तपासते, सर. पण हे आकडेही टाकणार."

"मग पुढच्या कार्डाची वाट बघू नका."

रुद्राणीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "सर, ही खोली माझ्या एकटीची न्हाई. आमच्याकडं हे कार्ड जो घेईल, त्याची खोली अशीच हाय. त्याला मी काय सांगू, आधी घर बदल?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी ती सगळं सामान घेऊन एसटीनं सोनपेठला, बालाजीच्या स्टुडिओत गेली. तिथं एसी होता. सव्वीस अंशांवर कार्ड तासभर एकशेवीसवरून हललं नाही. तिनं तेही तितक्याच ठळकपणे दाखवलं. व्हिडिओत ती म्हणाली, "कार्ड वाईट न्हाई. एसी असेल तर डोळे झाकून घ्या. पत्र्याखाली बसत असाल, तर खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि कूलर त्याच्यासमोर ठेवू नका."

कार्ड विभूतीच्या खोक्यातून परत गेलं. दुसरं आलं नाही. "कळ काढली असतीस जरा," आई म्हणाली, पण व्हिडिओ तिनं दोनदा पाहिला.

रुद्राणीनं कार्ड बनवणाऱ्या कंपनीला दोन मेल केले. दोन्हींना आभाराचं एकच उत्तर आलं. आज तिनं तिसरा पाठवला. त्यात एवढंच लिहिलंय:

तुमच्या खोक्यावर छापलेला वेग मोजला, तेव्हा त्या खोलीत किती अंश होते?