पहिल्या मजल्याचं पाणी

“मोटर लावल्याशिवाय इतकं पाणी येतं होय कुणाला?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात शेजारणीला म्हणाल्या आणि मला वर येताना पाहून गप्प झाल्या. चिंचवडच्या आमच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्हाला पाणी मिळायचं आणि वरच्यांचे नळ नुसते फुसफुसायचे. म्हणजे लाइनला चोरून मोटर लावून पाणी ओढणारे आम्हीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे मोटर नव्हती. तरी आई नळाखाली फडकं धरून बादली भरायची, धारेचा आवाज वर जाऊ नये म्हणून. कॉलेजला जाताना मी ओले केस ओढणीखाली लपवायचे. काही केलेलं नसताना चोर असल्यासारखं वाटायचं. मग एका रविवारी प्लंबरने आमच्या घराच्या वर जाणारा पाइप कापला. आत बोअरच्या पाण्याचे क्षार थरावर थर साचून दगड झाले होते. मधे करंगळी जाईल एवढंच भोक उरलं होतं. सगळे वाकून बघत होते. “अगं बाई, हा तर मुतखडा!” काकू हसल्या, मग सगळेच हसले. त्या आईला म्हणाल्या, “वहिनी, तुमच्याकडे पाणी आहे, चहा टाका की सगळ्यांना.” आई मान खाली घालून आत वळलीसुद्धा. आमच्या घरात मराठी बोलत नाहीत, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना माझी जीभ अजूनही अडखळते; त्या दिवशी का अडखळली नाही, कोण जाणे. मी म्हणाले, “काकू, चहा नंतर. आधी आईला सॉरी म्हणा.”