काकूची जादा सुपारी

खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, कुऱ्हाड, खुरपी, फवारणीचा पंप असं सगळं पाटावर मांडून पूजा होते. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर भिंतीवरून काढता येत नाही, म्हणून त्याच्या नावाची सुपारी. तिच्या शेजारी काकू आणखी एक सुपारी ठेवायची, काकांच्या रणगाड्याची. काका फौजेत होते, रणगाडा चालवायचे, आणि रणगाडा काही अणदूरला आणता येत नव्हता.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी गाडी करून घरच्यांना लष्करी संग्रहालय दाखवायला नेलं. कल्पना माझीच. आमच्या घरात ज्यांचा पुढं पस्तावा होतो त्या कल्पना बहुतेक माझ्याच असतात. काकूनं पिशवीत हळदकुंकवाचा करंडा घेतलाय, हे सोलापूर ओलांडल्यावर कळलं.

आवारात रणगाडे ओळीनं उभे होते. काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली आणि काकांना म्हणाली, "ह्यातला तुमचा कुठला वो?"

"ऊन लई हाय. आत चल."

"आधी सांगा तर. बोटभर कुंकू लावते. इतकी वर्षं सुपारीवरच भागवलं."

"ह्यातला न्हाय."

"मग कसला होता?"

काका चष्मा पुसू लागले. मला वाटलं, सत्तरी आली, विसरले असतील. मदत म्हणून मी एकेक पाटी मोठ्यानं वाचू लागलो. प्रत्येक पाटीला काका मान हलवायचे. पण ती व्हय म्हणून की न्हाय म्हणून, पत्ता लागेना. "तुम्ही जरा थांबाल का?" बायको हळूच म्हणाली. का थांबायचं तेही कळेना. पण सवय आहे, थांबलो.

आतल्या दालनात दोरीपलीकडं एक लाकडी खेचर होतं. पाठीवर खोगीर, दोन्ही बाजूंना पेट्या. काका तिथं बराच वेळ उभे राहिले. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "ह्याचा पोटाखालचा पट्टा लई मागं आवळलाय. चढाला ओझं सरकतं. जनावराला जखम व्हती."

पहारेकरी बघतच राहिला. आम्हीही.

"माझ्याकडं खेचरं होती," काका खेचराकडं बघत म्हणाले. "डोंगरात रसद न्यायची."

"अन् रणगाडा?" काकूनं विचारलं.

"आत कधी बसलो न्हाय."

काकू माझ्याकडं वळली, आणि मला माझं पाचवीतलं भाषण आठवलं. पंधरा ऑगस्ट, काका सुट्टीवर आलेले, शाळेत पाहुणे म्हणून खुर्चीत बसलेले. ते फौजेत काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात रणगाड्याचं चित्र होतं, भाषणात तो रणगाडा मी त्यांना देऊन टाकला. नवी नवरी असलेली काकू पुढच्या रांगेत होती.

"तुमी तवाच का न्हाय बोलला?" काकूनं काकांना विचारलं.

"त्याला बक्षिसाची कंपासपेटी मिळाली होती. मास्तरांनी काढून घेतली असती." काका काकूकडं वळले. "अन् तू लई हरखली होतीस."

"मग म्या इतकी वर्षं कुंकू कुणाला लावलं?"

"सुपारीवर काय रणगाड्याचं चित्र होतं का?"

हा विनोद आहे की उत्तर, मला ठरवता येईना. काकू दोरीला टेकून खेचर न्याहाळत राहिली. करंडा काही तिनं उघडला नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्याला नाव होतं का?"

काकांनी खाली वाकून तिच्या कानात सांगितलं. परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर खेचर काय खातं, पाण्याला कसं भितं, यावर बोलत होते. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, रस्ता बघत.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर स्टार्टरची सुपारी सोडून दोन सुपाऱ्या दिसल्या. एकीपुढं भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा.

"ही खेचराची," मी म्हणालो. "अन् ती?"

"तुझ्या रणगाड्याची. चाळीस वर्षं कुंकू घेतलंय त्यानं. आता कुठं हाकलू?"

काकांनी दोन्हींना हात जोडले. त्यांच्यामागून मीही जोडले. माझे नेमके कुठलीला, कुणास ठाऊक.